ऋषिपंचमीची भाजी कुठून आणायची?

(मृग नक्षत्राच्या तोंडावर झालेल्या स्वयंसेवक कुटुंबांच्या एकत्रीकरणातील भाषणाचे शब्दांकन)



राष्ट्र, समाज, संस्कृती या विषयांवर या व्यासपीठावरून आपण पुष्कळ ऐकले आहे. त्या मानाने गच्चीवरची भाजी हा विषय अगदीच संसारी वाटेल. परंतु आपल्या पूर्वजांनी हा विषय एका व्रतातच गुंफून ठेवला आहे, म्हणून मी आरंभ तिथूनच करतो.

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, आपल्या घरांतून ऋषीची भाजी शिजते. आळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याची कणसे, आंबटपणाला चिंच. मसाल्याचा थाट नाही. या दिवशीचा दंडक असा की बैलाच्या कष्टाचे अन्न खायचे नाही. नांगरलेल्या शेतातले त्या दिवशी वर्ज्य. परसात आपल्या हातांनी खणून लावलेले तेवढे चालते. अरुंधतीसह सप्तर्षींचे पूजन आणि पानात परसातली भाजी. या व्रताचे जे अन्य अर्थ कहाण्यांतून सांगितले जातात, त्यांतील काही आजच्या स्त्रीला पटणार नाहीत आणि पटू नयेत असेच माझे मत आहे. पण वर्षातून एक दिवस तरी दुसऱ्याच्या श्रमावर न जगता आपल्या हातांनी पिकवलेले खावे, हा त्यातील भाग मात्र कालबाह्य झालेला नाही.

प्रत्यक्षात काय घडते? चतुर्थीला सायंकाळी मंडईत ऋषीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात. सगळे चिरलेले, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले, आणि त्या एका दिवशी भाव दुप्पट. ती भाजी शेतातून येते आणि शेत ट्रॅक्टरने नांगरलेले असते. बैलाला विश्रांती मिळाली खरी. ती ट्रॅक्टरमुळे मिळाली, आपल्या व्रतामुळे नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी आहे. मृगापासून ऋषिपंचमीपर्यंत आपल्याला अडीच ते साडेतीन महिने मिळतात. तिथी इंग्रजी महिन्यांच्या मागेपुढे होते म्हणून हा फरक. तेवढ्या अवधीत प्रत्येक घराने त्या दिवसाच्या भाजीतील किमान चार जिन्नस स्वतः पिकवावेत. चारच. वर्षभराची भाजी गॅलरीत पिकवा, असे मी सांगणार नाही, कारण ते खोटे आहे. माणशी रोज तीनशे ग्रॅम भाजी धरली तरी चौघांच्या कुटुंबाला दररोज सव्वा किलो लागते. सहा बाय चार फुटांच्या गॅलरीतून ती निघत नाही. निघते ते हे : रोजची कोथिंबीर-मिरची-कढीपत्ता, आठवड्यातून दोन वेळची पालेभाजी आणि हंगामात वेलावरची चार-सहा फळे. 'गच्चीवर मळा फुलवा आणि मंडई विसरा' असे सांगणाऱ्यांच्या नादी लागून अनेकांनी पहिल्या वर्षी तीस कुंड्या आणल्या आणि दुसऱ्या वर्षी त्या रिकाम्या जिन्यात रचून ठेवल्या.

जागेचा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. वाड्याला परस होते, परसात आड होता, मोरीचे पाणी आळवाला आणि केळीला जात होते. सदनिकेत परस नाही हे मान्य. पण जागेपेक्षा अधिक मोलाचे जे आहे त्याची मोजणी आपण करत नाही, ते म्हणजे ऊन. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोलकर मुळात गणिताचे प्राध्यापक. 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून त्यांनी तासगाव भागातील द्राक्ष बागायतदारांना स्वतः प्रयोग करायला, नोंदी ठेवायला आणि त्या एकमेकांना दाखवायला शिकवले. त्यांची दृष्टी सरळ होती. पान हा कारखाना, ऊन हा त्याचा कच्चा माल. तेव्हा जमीन किती आहे हे विचारण्याआधी किती चौरस फूट हिरवे पान उन्हात उभे आहे ते मोजा. दहा गुंठ्यांत एक कुटुंब सन्मानाने जगू शकते, असा त्यांचा आग्रह होता. शहरातील माणसाला त्यांनी हेच गणित लावले. जमीन नसेल तर उभी जागा आहे, खिडकीचे गज आहेत, कठडा आहे. वेल वर चढतो, तो जमीन मागत नाही.

तेव्हा कुंडी विकत आणण्याआधी एका रविवारी सकाळी सातपासून सायंकाळी सहापर्यंत दर तासाला गॅलरीत ऊन कोठे पडते त्याची नोंद करा. मुलांना हे काम द्या. ती ते आपल्यापेक्षा चोख करतात. पाच-सहा तास थेट ऊन असेल तर भेंडी, वांगी, मिरची, टोमॅटो, दोडका. तीन-चार तास असेल तर माठ, पालक, मेथी, कोथिंबीर. त्याहून कमी असेल तर पुदिना, आळू, मायाळू, ओव्याची पाने. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या गॅलरीत त्या काळात थेट ऊन जवळजवळ येत नाही आणि हिवाळ्यात मात्र तीच गॅलरी उन्हाने भरून जाते. अशा घरांनी पावसाळ्यात आळू-मायाळूवर समाधान मानावे आणि मेथी, घेवडा, टोमॅटो यांचा जोर दिवाळीनंतर लावावा. 'आमच्याकडे काही येतच नाही' ही तक्रार पुष्कळदा चुकीच्या ऋतूतली असते.

आता मातीकडे येऊ. गच्चीवर माती भरण्याआधी तिच्या वजनाचा विचार करा. दोनशे लिटरचे पिंप ओल्या मातीने भरले तर ते तीनशे किलोंच्या पुढे जाते. अशी दहा पिंपे स्लॅबच्या मधोमध मांडली तर खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी आपले संबंध कसे राहतील, हे सांगायला नको. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी यावर नामी तोड काढली. रसवंतीबाहेर पडलेली उसाची चिपाडे त्यांनी गोणीत, पिंपात भरली, वर थोडे कंपोस्ट व मूठभर माती घातली आणि त्यात भाजी घेतली. चिपाडे हलकी असतात, पाणी धरून ठेवतात आणि कुजत कुजत स्वतःच खत होतात. पुढे तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने, शेकडो कामगारांच्या जेवणातून उरणाऱ्या ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडे उभी राहिली. गोदीतल्या सिमेंटच्या छपरावर हे होऊ शकते, तर आपल्या सोसायटीच्या गच्चीवर का होऊ नये?

रीत सोपी आहे. फळांचा क्रेट, खताचे रिकामे पोते किंवा जुनी बादली घ्यावी. तळाला भोके पाडावीत, नारळाच्या शेंड्या अंथराव्यात. त्यावर चिपाडे आणि वाळका पाला दाबून दोन-तृतीयांश भरावा, मग घरचे कंपोस्ट, आणि सर्वांत वर तीन-चार बोटे माती. महिनाभरात भरण निम्मे बसते. पुन्हा पाला घालावा. सारे विटांवर उचलून, तुळईवर किंवा कठड्यालगत ठेवावे, पाण्याला वाट मोकळी ठेवावी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. आणि हे सर्व सोसायटीची लेखी अनुमती घेऊन. शेजारधर्म हाही धर्मच आहे.

वाळका पाला कोठून आणायचा, हा प्रश्न शहरात पडूच नये. रस्त्यावरची झाडे तो फुकट देतात आणि आपण तो जाळतो.

ओल्या कचऱ्याबद्दल मात्र मला थोडे कठोर बोलायचे आहे. आपल्या स्वयंपाकघरातून रोज निघणारी साले, देठे, चहाचा चोथा, निर्माल्य हे सगळे जाते कोठे? मुंबईत देवनारची कचराभूमी १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेत आली. २०१६ च्या जानेवारीत ती पेटली तेव्हा तिचा धूर शहरभर पसरला. पुणेकरांचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात गेला. तिथल्या ग्रामस्थांच्या विहिरी नासल्या, त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, वारंवार आंदोलने केली. ग्रामविकासाच्या बैठकीला जाताना आपण गावाला काय देतो, याचा हिशेब मांडला तर त्यात पहिली नोंद ही निघते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. नियम झाला; परंतु त्या वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याने घराचा उंबरठाच ओलांडू नये, ही त्यापुढची पायरी आहे आणि ती कायद्याने होणार नाही.

दोन भोके पाडलेल्या बादल्या पुरतात. एक भरत असताना दुसरी मुरत राहते. ओला कचरा एक वाटी, तर वाळका पाला दोन-तीन वाट्या. वास येऊ लागला की समजावे, पाला कमी पडतो आहे. मुंग्या झाल्या तर पाणी कमी आहे. शिजवलेले उष्टे अन्न आरंभी घालू नये, उंदीर-घुशींना आमंत्रण मिळते. दोन-अडीच महिन्यांत पावसानंतरच्या मातीसारखा वास येणारे काळसर खत हाती लागते.

जीवामृताबद्दल नेहमी विचारणा होते. सुभाष पाळेकर यांनी ते एकरी मापाने सांगितले आहे. घरगुती प्रमाण असे बसते. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर जिवंत माती. दोन दिवस सावलीत झाकून ठेवावे, सकाळ-सायंकाळ काठीने ढवळावे, दहापट पाणी मिसळून कुंड्यांना द्यावे आणि आठवड्यात संपवावे. शेण मिळाले नाही म्हणून मात्र कोणी थांबू नये. घरचे मुरलेले कंपोस्ट पाण्यात कालवून दिले तरी झाडे वाढतात. गायीविषयीचा आपला आदर सर्वश्रुत आहे. पण गोमूत्राने अमुक रोग बरा होतो, तमुक किरणे थांबतात असे वाटेल ते दावे आपल्याच माणसांकडून केले जातात, तेव्हा तो आदर हास्यास्पद ठरतो. शेणात जिवाणू असतात, ते माती जिवंत करतात. गायीच्या मोठेपणाला एवढे सत्य पुरेसे आहे.

आता ऋषिपंचमीचे गणित. माठ सर्वांत सोपा. बी बारीक, मातीवर भुरभुरायचे. पंचवीस-तीस दिवसांत भाजी. उपटू नये, वरून खुडावी, पुन्हा फुटते. तेव्हा तो जुलैच्या अखेरीस टाकला तरी चालेल. भेंडीला पन्नास दिवस धरा. एका घरास सात-आठ रोपे हवीत, कारण दोन रोपांची भेंडी एका वेळी चारच निघते. आळवाचा कंद विकत घेऊ नका, शेजारी मागा. काळ्या देठाचे वडीला, हिरव्या देठाचे फतफत्याला. त्याला भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी रोज घालावे, साबणाचे नको. सुरणाला आठ-नऊ महिने लागतात, यंदा लावलेला पुढच्या वर्षीच्या कामाचा. लाल भोपळ्याचा वेल गच्ची असेल तरच. गॅलरीवाल्यांनी त्याची फुले खुडून भजी करावीत, हेही वाईट नाही.

खरी गंमत दोडका आणि पडवळ यांची. वेल गजांवर चढतो, फुले भरपूर येतात आणि फळ मात्र धरत नाही. गृहिणी म्हणतात, बी खोटे निघाले. बी खोटे नसते. आधी बहुधा नर फुले येतात, मादी फूल मागून येते. तिच्या मागे इवलेसे फळ दिसते. ही फुले सायंकाळी उमलतात. रानात त्या वेळी पतंग, किडे येतात. पाचव्या मजल्यावर ते फारसे फिरकत नाहीत. म्हणून दिवेलागणीच्या सुमारास नर फूल खुडून त्याचे केसर मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावे. दुधीचेही असेच, कारले आणि भोपळा मात्र सकाळी. पडवळ लांबू लागले की टोकाला दोऱ्याने लहानसा खडा बांधायचा, म्हणजे ते सरळ वाढते. ही युक्ती आपल्या आज्यांची. शुभंकरोती म्हणून झाल्यावर नातवाने फुलांचे लग्न लावावे आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी फळ धरले का ते पाहावे. जीवशास्त्राचा एवढा पाठ कुठल्याही शिकवणी वर्गात मिळणार नाही.

कबुतरे रोपे टिकू देत नाहीत, त्यांना जाळीच हवी. मावा पडला तर निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून, सायंकाळी. एवढ्याने भागते.

आता ज्यासाठी मी मुख्यतः आलो, तो विषय बियाण्याचा आहे. रंगीत पाकिटातले संकरित बी पहिल्या वर्षी उत्तम येते. त्याचे बी धरून पुन्हा लावले की गुण टिकत नाहीत. दरवर्षी पाकीट विकत घेणे आले. शेतकऱ्यासाठी संकरित बियाण्याचे लाभ आहेत, ते मी नाकारत नाही. त्याला बाजारात उभे राहायचे असते. आपल्या कुंडीवर ती सक्ती नाही. जे वाण आता बाजारासाठी परवडत नाहीत, ते जिवंत ठेवायला घराची कुंडी ही हक्काची जागा आहे.

हे काम कोणी केले? अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी. महादेव कोळी समाजातील ही माउली शाळेत गेलेली नाही. घरातली मुले वारंवार आजारी पडू लागली, तेव्हा फवारणीच्या भाजीवर त्यांचा संशय गेला आणि त्या जुन्या वाणांच्या शोधास लागल्या, असे त्या सांगतात. वाल, घेवडा, भात, पालेभाज्या, नाना वाण त्यांनी डोंगरातल्या घराघरांतून मागून आणले, आपल्या परसात लावले आणि मडक्यांत राख व कडुनिंबाचा पाला घालून जपले. बाएफ या संस्थेची साथ मिळाली, बियाण्यांची बँक उभी राहिली. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपण त्यांचा सत्कार करतो, छायाचित्रे काढतो आणि घरी येऊन पाकीट फोडतो.

'देशी' शब्दाबाबतही थोडे सावध असावे. ऋषीच्या भाजीतला लाल भोपळा आणि मका ही दोन्ही पिके मुळात अमेरिका खंडातली. मिरची आणि टोमॅटोही तिकडचेच. तरी आपल्या पूर्वजांनी भोपळ्याला आणि मक्याला व्रतात स्थान दिले. कुळ कोणते हे त्यांनी विचारले नाही. इथल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या बी धरले, निवडले, ते वाण आपले झाले. कोणी बी जपले यावर देशीपण ठरते, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

बी धरण्याचे शास्त्र थोडक्यात. नवशिक्याने घेवडा, पावटा, चवळी, मेथी, टोमॅटो यांपासून आरंभ करावा. यांचे परागण बहुतेक आपल्या आपल्यात होते, वाण शुद्ध राहतो. दोडका, भोपळा, काकडी यांत शेजारच्या वेलाची भेसळ होते, म्हणून बीसाठी राखायच्या फुलाला आदल्या दिवशी कापडी पिशवी बांधावी, हाताने परागण करून पुन्हा झाकावे. वेलावरचे सर्वांत देखणे फळ खाण्यासाठी तोडायचे नाही. इथेच घराची परीक्षा असते. ते वेलावर पूर्ण वाळू द्यावे, शेंग किंवा फळ खडखडू लागले की बी काढावे, सावलीत आठवडाभर वाळवावे, राखेत घोळून बरणीत घालावे आणि वर वाणाचे नाव, कोणाकडून आले ते घर व वर्ष लिहावे. अशा बियाण्याची देवघेव करायला कायद्याची आडकाठी नाही. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, वाटण्याचा, विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे. केवळ नाममुद्रा लावलेले संरक्षित बी म्हणून विकता येत नाही.

१९६५ साली देश अन्नटंचाईत असताना पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर पीक लावले. त्या तुकड्याने देशाची कोठारे भरणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतेच. सोमवारी रात्री एक वेळचे जेवण सोडा, असे सांगणाऱ्याच्या अंगणात हिरवळ शोभत नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते.

सभागृहाच्या मागच्या बाजूला टेबलावर पाच बरण्या ठेवल्या आहेत : तांबडा माठ, भेंडी, दोडका, पडवळ आणि घेवडा. घेवडा आत्ता न्या, पण लावा दसऱ्याच्या सुमारास. प्रत्येक घराने भेंडीच्या दहा, वेलांच्या चार आणि माठाची चिमूटभर, एवढेच बी घ्यावे. शेजारच्या वहीत नाव, मजला आणि गॅलरीची दिशा लिहावी. मार्गशीर्षात आपण पुन्हा जमू, तेव्हा चार बियांच्या जागी आठ परत आणायच्या आहेत. ज्यांचे काही उगवणार नाही त्यांनीही यावे आणि काय झाले ते सांगावे. ती नोंद पुढच्या वर्षी आपल्या सर्वांच्या उपयोगी पडेल. आळवाचे कंद आठ-दहाच मिळाले आहेत. ते ज्यांच्या गॅलरीत ऊन येत नाही, त्यांच्यासाठी राखून ठेवावेत, ही विनंती.